नाव मोठे, पण नोंद पाहिली का?

एमआरआयच्या अहवालात एखादा अनोळखी शब्द येतो आणि घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. संध्याकाळपर्यंत पाचसहा नावे गोळा झालेली असतात. एक नाव पुण्याच्या मेहुण्यांनी दिलेले, एक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे, एक औषधाच्या दुकानदाराने सुचवलेले, एक फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले. प्रत्येक नावाबरोबर शिफारस मात्र एकच असते : "त्यांच्या हाताला गुण आहे." पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "तिथे कॅशलेस चालतं का?" डोक्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया कोणाकडून आणि कुठे करून घ्यायची, हे बहुतेक घरांत या दोन वाक्यांवर ठरते. वास्तविक इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. हा डॉक्टर खरोखर न्यूरोसर्जन आहे का, हा पहिला. आपल्या रुग्णाच्या आजारासाठी, या रुग्णालयात, हाच योग्य आहे का, हा दुसरा. खर्च कोण आणि किती उचलणार, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत मिळते, दुसऱ्याचे डॉक्टरांसमोर बसून विचारावे लागते आणि तिसरे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत दडलेले असते. नाव मोठे म्हणून पदवी पाहायची नाही, पदवी आहे म्हणून अनुभव विचारायचा नाही आणि कॅशलेस आहे म्हणजे रुग्णालय चांगलेच असणार असे धरून चालायचे, ही आपली सवय. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवण्याची ही सवय मोडली, तर निवड बरीच सोपी होते.

त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी : न्यूरोसर्जनकडे जायची गरज आहे का? बोलताना आपण सगळ्यांना मिळून 'मेंदूचे डॉक्टर' म्हणतो. पण न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोफिजिशियन औषधांनी उपचार करतात आणि न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात. फिट येणे, मायग्रेन, पार्किन्सनचा कंपवात, अर्धांगवायूचे बहुतेक रुग्ण हे आधी न्यूरोलॉजिस्टचे क्षेत्र. मेंदूतली गाठ, अपघातानंतर कवटीत झालेला रक्तस्राव, डोक्यात पाणी साचणे, फुगलेली रक्तवाहिनी आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवरचा दाब हे न्यूरोसर्जनचे. मणक्याच्या शस्त्रक्रिया या विषयात खास प्रशिक्षण घेतलेले अस्थिरोगतज्ज्ञही करतात आणि त्यात वावगे काही नाही. गोंधळ होतो तो गादी सरकण्याच्या दुखण्यात. कमरेतली गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच, असा समज पक्का आहे. पण अशा बहुतेक रुग्णांची पायात येणारी कळ औषधे, हालचालीतली काळजी आणि व्यायाम यांनी सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. अपवाद ठाऊक हवेत : पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणे. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठावा. बाकीच्यांना विचार करायला वेळ असतो.

आता पहिला प्रश्न. भारतात न्यूरोसर्जन होण्याची वाट लांब आहे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीतली तीन वर्षांची एमएस किंवा डीएनबी आणि त्यानंतर न्यूरोसर्जरीतली तीन वर्षांची एमसीएच. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची न्यूरोसर्जरीतली पदवी पूर्वी डीएनबी म्हणून दिली जायची, आता तिला डीआरएनबी म्हणतात आणि ती एमसीएचच्या तोडीची मानली जाते. म्हणजे सरळ हिशेबाने साडेअकरा वर्षे. आपल्याकडे न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला. त्याआधी डोक्याच्या शस्त्रक्रिया जनरल सर्जनच्याच हाती होत्या. आज मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे या सरकारी व पालिका रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांतून न्यूरोसर्जन तयार होतात. त्यामुळे मेंदूच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी या विषयाची मान्यताप्राप्त पदवी नसलेल्या माणसाकडे जाण्याचे काही कारण उरलेले नाही.

ही पदवी तपासायची कशी? सुरुवात हातातल्या केसपेपरपासून करता येते. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत डॉक्टरांचे नाव असते. खाली एमबीबीएस, एमएस, एमसीएच अशी ओळ, त्याखाली एखाद्या परदेशी रुग्णालयातली फेलोशिप, दोनतीन संघटनांचे सभासदत्व आणि 'ब्रेन अँड स्पाइन स्पेशालिस्ट' अशी बिरुदे. कोपऱ्यात, कित्येकदा सगळ्यात लहान टायपात, 'रजि. क्र.' आणि त्यापुढे आकडा. वाचणाऱ्याची नजर फेलोशिपवर थांबते, पण या कागदावरची सर्वात कामाची गोष्ट तो आकडा आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा आणि चिठ्ठ्या, प्रमाणपत्रे, पैशाच्या पावत्या यांवरही छापलेला असावा. त्या विषयातली खास पात्रता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवणे हा त्याच नियमांनुसार गैरवर्तनाचा भाग आहे. फेलोशिपविषयीही एक खुलासा हवा. दोन वर्षांची फेलोशिप आणि दोन आठवड्यांची फेलोशिप कागदावर सारखीच दिसते. कुठे, किती काळ आणि स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया केल्या की नुसत्या पाहिल्या, हे विचारल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. संघटनेचे सभासदत्व तर वर्गणी भरून मिळते. ती पात्रता नव्हे.

तो आकडा घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावरची नोंद पाहता येते. १९६५ च्या राज्य कायद्याखाली चालणारी ही परिषद डॉक्टरांची नोंदवही ठेवते आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायला लावते. त्यासाठी त्या काळात वैद्यकीय शिक्षणाचे ठरावीक तास पूर्ण करावे लागतात. देशपातळीवर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर भारतीय वैद्यक नोंदवही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलची जागा या आयोगाने घेतली. नोंदीत चार गोष्टी पाहाव्यात : नाव, नोंदणी कोणत्या परिषदेची, ती चालू आहे का आणि एमबीबीएसच्या पुढच्या पदव्या त्यात चढवलेल्या आहेत का. यातली शेवटची बाब फार जण विसरतात. कधी कधी एमबीबीएसची नोंदणी खरी असते, पण त्यापुढे लावलेली एमसीएच कुठेच नोंदलेली नसते. मात्र इथे उतावीळपणाही नको. नोंदवह्या अद्ययावत नसतात, नावाचे स्पेलिंग बदलते, लग्नानंतर आडनाव बदललेले असते, डॉक्टर मूळचे बेळगाव किंवा हैदराबादचे असल्याने दुसऱ्या राज्याच्या परिषदेत नोंदलेले असतात. नोंद सापडली नाही म्हणजे डॉक्टर बोगस, असा निष्कर्ष काढू नये. पदवी कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या वर्षाची, नोंद कुठे, हे रुग्णालयाच्या कार्यालयात विचारावे. खरी पदवी असलेल्याला या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतात.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही का, असा आक्षेप हमखास येतो. आपल्याकडे डॉक्टरांना देव मानण्याची पद्धत आहे आणि देवाकडे कोणी कागद मागत नाही. पण घर घेताना आपण सातबारा पाहतो, बिल्डरचा महारेरा क्रमांक पाहतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नोंदवही सार्वजनिक ठेवली आहे ती लोकांनी पाहावी म्हणूनच. शिवाय तपासण्याने प्रामाणिक डॉक्टरांचे काही जात नाही, उलट फायदाच होतो. साडेअकरा वर्षे घालवून मिळवलेली पदवी आणि पाटीवर रंगवलेली पदवी यांतला फरक लोकांना दिसतो. आणि ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी सोय अशी, की नोंद पाहायला डॉक्टरांची परवानगी लागत नाही. घरातल्या कोणीही मोबाइलवर ती पाहावी आणि मगच वेळ घ्यावी.

नोंदवहीची मर्यादाही ओळखायला हवी. डॉक्टर पात्र आहे इतकेच ती सांगते, हात कसा आहे हे सांगत नाही. इथे दुसरा प्रश्न सुरू होतो. न्यूरोसर्जरी हा आता एक विषय राहिलेला नाही. कोणी कवटीच्या तळाच्या गाठी काढतो, कोणी रक्तवाहिन्यांचे काम करतो, कोणी लहान मुलांचे, कोणी फिटच्या आजारावरच्या शस्त्रक्रिया, तर कोणाचे बहुतेक काम मणक्याचे असते. एकाच प्रकारची शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करणाऱ्याच्या हातून गुंतागुंत कमी होते, याला पुरावा आहे. पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या गाठी नाकावाटे काढतात. त्याबद्दल अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनची एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ९५८ जणांनी दिलेल्या उत्तरांत, दोनशेपेक्षा कमी, दोनशे ते पाचशे आणि पाचशेहून जास्त शस्त्रक्रिया केलेले असे गट पाडले होते. अनुभव वाढत गेला तसे बहुतेक गुंतागुंतींचे प्रमाण उतरत गेलेले दिसले. ही आकडेवारी सर्जननी स्वतः सांगितलेली होती, म्हणजे कमी अनुभवाच्या गटातले खरे प्रमाण सांगितल्यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता. तेव्हा 'तुम्ही किती ऑपरेशन केलीत?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला साधारण किती करता, त्यात काय बिघडू शकते आणि तुमच्या रुग्णांत ते किती वेळा बिघडले?' हा पुरा प्रश्न झाला. 'काही होत नाही, निर्धास्त राहा' हे उत्तर ऐकायला गोड असले तरी त्यातून काहीच कळत नाही.

सामान्य माणसाला वैद्यकीय उत्तर कळणार कसे, हा दुसरा आक्षेप. शास्त्र कळणार नाही हे खरे, पण उत्तराची जात कळते. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे डॉक्टर सांगतात का? दुसरा मार्ग असल्यास तो मांडतात का? फुगलेल्या रक्तवाहिनीसाठी कवटी उघडून क्लिप लावता येते किंवा मांडीतून नळी घालून आतून कॉइल भरता येते. लहान गाठीसाठी कधी नुसते लक्ष ठेवणे किंवा नेमक्या जागी किरणोपचार देणे पुरते. आपण जे करत नाही त्याचाही उल्लेख करणारा सर्जन विश्वासाला जास्त पात्र. ही माहिती मिळणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की रुग्णाची संमती खरी ठरायला उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम याची पुरेशी माहिती आधी दिलेली असावी लागते. शस्त्रक्रियागृहात नेताना घाईघाईने घेतलेली सही या कसोटीला उतरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग रुग्णालयाचा. मेंदूची शस्त्रक्रिया एकट्या सर्जनची नसते. न्यूरोसर्जरीचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ, रात्रभर जागा असलेला अतिदक्षता विभाग, मध्यरात्री तीन वाजताही चालणारे सीटी स्कॅन, रक्तपेढी, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मोठे धोके अनेकदा शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या तासांत येतात : आत पुन्हा रक्त साचणे, मेंदूला सूज येणे, फिट येणे. मोठ्या शहरातले नामांकित सर्जन आठवड्यातून एखाद्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन शस्त्रक्रिया करतात. ही सोय वाईट नाही. पुष्कळांना घराजवळ उपचार मिळतात. पण अशा वेळी विचारायचा प्रश्न सर्जनच्या हाताबद्दलचा नसून त्यांच्या अनुपस्थितीबद्दलचा आहे. ते रात्री आठला परत निघाले आणि अकराला रुग्णाची शुद्ध हरपू लागली, तर पुन्हा कवटी उघडणारे हात तिथे कोणाचे आहेत? याचे नाव-गावासह उत्तर मिळत नसेल, तर मोठ्या नावाचा त्या रात्री काही उपयोग नाही. रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या एनएबीएच या संस्थेचे मानांकन असल्यास व्यवस्थेची निदान तपासणी झालेली आहे एवढे कळते. सर्जनच्या कौशल्याचा दाखला म्हणून ते वाचू नये.

फॅमिली डॉक्टरांनी सुचवलेले नाव बाजूला ठेवावे का? मुळीच नाही. ते रुग्णाला ओळखतात आणि गावातल्या उपचारांचे निकाल त्यांच्या कानावर येतात. पण रुग्ण पाठवण्याबद्दल मिळणारी 'कट' ही आपल्याकडची उघड चर्चेची बाब आहे. २००२ च्या नियमांत असे कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, याचा अर्थच ते घडते. म्हणून शिफारस हा शोधाचा आरंभ मानावा. नियोजित शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या, पहिल्याशी आर्थिक संबंध नसलेल्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमआरआयची नुसती फिल्म नको, मूळ प्रतिमांची सीडी किंवा लिंक घ्यावी. सर्जन अहवालापेक्षा प्रतिमांवर जास्त विसंबतात. गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता असेल तर टाटा मेमोरियल केंद्राशी जोडलेल्या 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेतून मत घेता येते. दोन मते जुळली तर मन निश्चिंत होते. जुळली नाहीत तर का जुळत नाहीत हे दोघांनाही विचारावे. निर्णयाला उपयोगी पडणारी माहिती बहुधा त्या फरकातच असते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की अपघातात डोके फुटलेला माणूस समोर असताना नोंदवही कोण उघडणार? आक्षेप रास्त आहे आणि उत्तर सरळ : उघडूच नये. कवटीत रक्त साचत असताना, किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायला जेमतेम साडेचार तास हाती असताना, सर्वोत्तम डॉक्टर शोधण्यापेक्षा वेळेत पोहोचणे महत्त्वाचे. २०१४ पासून राज्यात चालणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलवावे आणि सीटी स्कॅन व न्यूरोसर्जन असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. मात्र या आक्षेपाची व्याप्ती मर्यादित आहे. गाठी, मणका, पिट्युटरी, न फुटलेली फुगीर रक्तवाहिनी अशा पुष्कळ आजारांत काही दिवस ते काही आठवडे हाताशी असतात. आणीबाणी नसताना आणीबाणीच्या घाईने निर्णय घेणे, हीच खरी अडचण आहे. 'किती दिवस थांबलं तर चालेल?' हे डॉक्टरांनाच विचारावे.

आता तिसरा प्रश्न. विम्याच्या बाबतीतला सगळ्यात मोठा गैरसमज असा, की डॉक्टर 'विमा घेतात' किंवा 'घेत नाहीत'. आपल्याकडे विमा कंपनीचा करार सहसा रुग्णालयाशी असतो, डॉक्टरांशी नाही. एकच सर्जन तीन रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत असेल तर एका ठिकाणी तुमच्या कंपनीचे कॅशलेस असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल. म्हणून विचारायचे ते असे : अमुक कंपनीची, अमुक नावाची पॉलिसी, या रुग्णालयाच्या या शाखेत, या शस्त्रक्रियेसाठी कॅशलेस चालते का? संकेतस्थळावरची यादी जुनी असू शकते, तेव्हा रुग्णालयाच्या विमा कक्षाला आणि कंपनीला किंवा तिचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला (टीपीए), दोघांनाही विचारून घ्यावे. सर्जन बाहेरून येणारे असतील तर त्यांची फी ठरलेल्या पॅकेजमध्येच आहे की वेगळी, हेही लेखी घ्यावे. आणि नेटवर्कमध्ये असणे म्हणजे दर्जाची पावती असे समजू नये. तो दरांचा आणि सोयीचा करार असतो. एक धागा मात्र पहिल्या प्रश्नाशी जुळतो. पॉलिसीच्या व्याख्येनुसार उपचार करणारी व्यक्ती वैद्यक परिषदेची वैध नोंदणी असलेली असावी लागते आणि कॅशलेसच्या अर्जात डॉक्टरांची पात्रता व नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. तो आकडा इथेही उपयोगी पडतो.

हा अर्ज, म्हणजे प्री-ऑथ, भरताना नातेवाईक सही करून बाजूला होतात आणि बाकीचा भाग रुग्णालय भरते. तो एकदा वाचावाच. त्यात त्रास कधी सुरू झाला, पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवले, रक्तदाब, मधुमेह आहे का आणि कधीपासून, असे रकाने असतात. दोन महिन्यांच्या डोकेदुखीपुढे कोणी घाईत 'दोन वर्षे' लिहिले तर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवायला कंपनीला कारण मिळते. खोटे लिहायला सांगणे हा यावरचा उपाय नव्हे, त्याने पॉलिसीच धोक्यात येते. पण खरे ते अचूक लिहिले जाणे हा आपला हक्क आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. मणक्याच्या विकारांना अनेक पॉलिसींत वेगळी प्रतीक्षा असते, ती अपघाताला लागू नसते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असेही विमा नियामकाने बजावले आहे.

खिशाला खरी कात्री लागते ती खोलीच्या भाड्याने. समजा पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. घरच्यांनी दहा हजारांची खोली घेतली. वाटते की रोजचे पाच हजार जास्तीचे भरू. प्रत्यक्षात सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे अशा खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या खर्चांनाही तेच प्रमाण लागते. असा खर्च दोन लाख झाला तर कंपनी एकच लाख मोजते. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क यांना ही कपात लावता येत नाही, एवढा दिलासा २०२० च्या नियमांनी दिला आहे. दुसरी मेख आधुनिक उपचारांची. विमा नियामकाने बारा आधुनिक उपचार सरसकट वगळायला मनाई केली आहे. त्यांत पार्किन्सनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीप ब्रेन स्टिम्युलेशन, नेमक्या किरणांची स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी आणि शस्त्रक्रिया चालू असताना नसांवर लक्ष ठेवणारे न्यूरोमॉनिटरिंग या मेंदूशी संबंधित गोष्टी आहेत. मात्र त्यांवर उपमर्यादा घालायची मुभा कंपन्यांना आहे. दहा लाखांच्या पॉलिसीत अशा उपचाराला किती, हे पॉलिसीतल्या उपमर्यादांच्या पानावरच कळेल.

पसंतीचा सर्जन नेटवर्कबाहेर असेल तर काय? वाट बंद होत नाही. जानेवारी २०२४ पासून सामान्य विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू केले आहे. नियोजित उपचारासाठी ४८ तास आधी कळवले तर नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळू शकते. तेही न जमल्यास बिले भरून नंतर परतावा मागता येतो. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नव्हे, ही गोष्ट घाबरलेल्या नातेवाइकांना सांगायला कोणी नसते. दावाच नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, दाद न मिळाल्यास आपल्या भागाच्या विमा लोकपालांकडे जावे. पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे वकिलाशिवाय आणि शुल्काशिवाय चालते.

विमाच नसलेल्यांना हे सगळे शहरी चोचले वाटतील. पण निवड त्यांनाही आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि मेंदू-मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. संलग्न रुग्णालयातला आरोग्यमित्र किंवा १५५३८८ हा क्रमांक यांवर शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे कळते. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा. सरकारी रुग्णालयांचा मार्गही आहे; गोव्यातही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरोसर्जरीचा विभाग आहे. सरकारी म्हणजे दुय्यम, हा समजही तपासून घ्यावा. तिथे रांग लांब असते, खोली साधी असते, पण एमसीएचचे विद्यार्थी घडवणाऱ्या विभागांत काम भरपूर असते आणि वर पाहिले तसे, अनुभवाचा निकालाशी संबंध आहे.

एवढी धावपळ संकटातल्या कुटुंबावर टाकावी लागते, हे व्यवस्थेचे अपयश आहे. ब्रिटनमध्ये न्यूरोसर्जरी विभागांचे निकाल जाहीर होतात; आपल्याकडे नोंदवहीत पदवीसुद्धा कधी कधी चढलेली नसते. परिषदेने नोंदी अद्ययावत ठेवाव्यात, रुग्णालयांनी शस्त्रक्रियांची संख्या आणि गुंतागुंत प्रसिद्ध करावी, ही मागणी रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्याही संघटनांनी लावून धरायला हवी. तोवर प्रश्नांचा क्रम पाळणे आपल्या हाती आहे : आधी पात्रता, मग या आजाराचा अनुभव आणि रुग्णालय, शेवटी पैसा. पैसा कमी असला तर पर्याय कमी होतात, पण उरलेल्या पर्यायांतही पहिले दोन प्रश्न विचारता येतात. आणि तिसऱ्याचे उत्तर शोधायला आजाराची वाट पाहायचे कारण नाही. खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षेचे महिने, जवळची नेटवर्क रुग्णालये, हे घरात सगळे ठणठणीत असताना पाहून ठेवले, तर अहवाल हाती आलेल्या दिवशी डोके फक्त सर्जन निवडण्यात घालता येते.